डायरी दहाव्या दिवशी का थांबते? रोजकीर्दीत सापडणारं उत्तर

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत एक डायरी असतेच, फक्त तिला कोणी डायरी म्हणत नाही. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. दिनदर्शिकेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: दूध दीड लिटर, सिलिंडर लावला, मोटर जळाली, धाकटीला ताप, मामा आले. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघालं. तेव्हापासून तिथी आणि सणांच्या शेजारी अशा किती नोंदी साठल्या असतील, याची मोजदाद नाही. पाहुणे आले, लग्न निघालं, आजारपण आलं, तरी बाराही महिने हे लिहिणं थांबत नाही.

त्याच घरात कृषी सेवा केंद्रातून भेट मिळालेली जाड पुठ्ठ्याची डायरीही असते. तिचं पहिलं पान सुवाच्य अक्षरात भरलेलं, पाचवं पान निम्मं, दहाव्या जानेवारीनंतर सगळं कोरं. पुढे ती हिशेबाला, मुलांच्या चित्रांना किंवा पावत्या खोचून ठेवायला वापरली जाते.

माणसं तीच, घर तेच आणि पेनही बहुधा तोच. मग एक नोंद टिकते आणि दुसरी का टिकत नाही? नेहमीचं उत्तर असतं ‘आळस’. पण आळशी माणूस वर्षभर दुधाचा हिशेब लिहीत नाही. खरं कारण लिहिण्याच्या पद्धतीत आहे, आणि ते समजायला जालन्याच्या मोंढ्यात डोकावलं तर सोपं जाईल.

रोजनिशी आणि रोजकीर्द

‘रोजनिशी’ हा शब्द फारसीतून आला. रोज म्हणजे दिवस आणि ‘नविस’ म्हणजे लिहिणारा. हाच नविस फडणीस, चिटणीस या आडनावांतही आहे. पेशव्यांच्या दप्तरात रोजनिशी लिहिली जायची, पण तिच्यात पेशव्यांच्या मनातलं काही नसे. कोणाला इनाम दिलं, कोणत्या किल्ल्यावर किती खर्च झाला, कोणाला काय हुकूम गेला, अशा त्या नोंदी. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातले निवडक उतारे काढले आणि ते छापून निघाले. मराठेशाहीच्या कारभाराबद्दल आज जे बारकाईने सांगता येतं, त्यातलं बरंचसं या रुक्ष नोंदींमुळे.

इंग्रजीतल्या ‘जर्नल’चाही मूळ अर्थ दिवसाची वही असाच. अकरावी वाणिज्यच्या मराठी पुस्तकात त्याला शब्द आहे ‘रोजकीर्द’. म्हणजे सध्या ज्याला ‘जर्नलिंग’ म्हणतात, त्याचं मराठी नाव व्यापाऱ्यांच्या पेढीवर आधीपासून होतं.

जालना हे जुनं व्यापारी गाव. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथल्या बाजारपेठेवरूनच पडली. धान्य, सरकी, मोसंबी, पुढे बियाणं आणि लोखंडी सळया असा इथला व्यापार वाढत गेला. आडत दुकानात दिवसभर जे घडतं ते त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरतं. संध्याकाळी शिल्लक जुळते आणि मग दुकान बंद होतं. या कामासाठी कोणी प्रेरणेची वाट पाहत नाही. आणि एका नोंदीला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त लागतही नाही.

घरातली डायरी दहाव्या दिवशी बंद पडते, कारण ती रोजकीर्दीसारखी नाही तर शाळेतल्या निबंधासारखी सुरू केलेली असते. सुरुवात, मध्य, शेवट, एखादा सुविचार, शक्यतो एक पान भरून. पहिले चार दिवस हौस असते. पाचव्या दिवशी काहीच विशेष घडत नाही आणि निबंधाला विषय मिळत नाही. सहाव्या दिवशी खूप काही घडतं, पण लिहायला वेळ नसतो. मग दोन दिवसांचं एकदम लिहू असं ठरतं. ती उधारी वाढत जाते आणि शेवटी वही उघडायचीच लाज वाटू लागते.

रोजकीर्दीत उधारीला जागा नाही. तिच्यात तारीख असते, तपशील असतो, रक्कम असते आणि खाली कंसात एक छोटी ओळ असते: ‘अमुक केल्याबद्दल’. पुस्तकात तिला स्पष्टीकरण म्हणतात. ही ओळ फार कामाची आहे. तिच्यामुळे वर्षभरानंतरही कळतं की पैसे कशासाठी गेले होते. स्वतःच्या वहीतही एवढंच पुरतं: तारीख, काय झालं याच्या दोन ओळी आणि ‘बद्दल’ची एक ओळ.

नमुना म्हणून अंबड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची नोंद अशी असू शकते:

*१२ जून. सकाळी आभाळ, दुपारी ऊन. पाऊस नाही. शेजारच्या शिवारात तिफण चालू झाली. आपण थांबलो. (ओल वीतभरही नाही, आणि मागच्या खेपेला दुबार पेरावं लागलं, त्याबद्दल.)*

किंवा परतूरमधल्या एखाद्या शिक्षिकेची:

*३ ऑगस्ट. शाळेत तपासणी झाली, ठीक गेली. घरी आल्यावर आईशी उगाच वाद. (तपासणीचा ताण घरी काढला, त्याबद्दल.)*

दुसऱ्या नोंदीतली कंसातली ओळ लिहायला पाच सेकंद लागतात. पण आईशी झालेल्या वादाचं कारण आई नव्हतीच, हे त्या ओळीशिवाय कळलं नसतं.

‘मला वाटलंच होतं’

लिहून ठेवायचं कशासाठी, सगळं लक्षात तर असतंच, असं पुष्कळांना वाटतं. अडचण अशी की स्मरणशक्ती नुसती विसरत नाही, ती मागे जाऊन दुरुस्त्याही करते.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर गेले. त्याआधी इस्रायलमधल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं की या दौऱ्यांत कोणकोणत्या गोष्टी घडण्याची किती शक्यता वाटते. दौरे आटोपल्यावर त्यांना पुन्हा विचारलं की तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याबद्दल आपण आधीच मोठी शक्यता सांगितली होती, असं बहुतेकांना आठवलं. प्रत्यक्षात त्यांनी तेवढी सांगितलेली नव्हती. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. निकाल कळला की मन जुना अंदाज त्याच्याशी जुळवून घेतं.

जालना जिल्ह्यात याची किंमत दर जूनमध्ये मोजावी लागते. पहिली सर येते, मातीचा वास सुटतो आणि पेरायचं की थांबायचं हा प्रश्न उभा राहतो. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण शेजाऱ्याची तिफण चालू झाली की जीव राहवत नाही. पेरणी साधली तर ‘मला वाटलंच होतं’. पाऊस दडला आणि दुबार पेरणीची वेळ आली, तरी ‘मला वाटलंच होतं, पण घरच्यांनी ऐकलं नाही’. दोन्ही वर्षी माणूस मनापासून बोलत असतो आणि दोन्ही वर्षी त्यातून काहीच शिकत नाही, कारण निर्णय घेताना खरोखर काय वाटलं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मोसंबीच्या बागेत तर हे अंतर आणखी लांब असतं. बागेला ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं, फूल कधी लागलं आणि फळ कधी तोडलं, यांत आठ-दहा महिने जातात. इतक्या महिन्यांमागचा निर्णय नुसता आठवून तपासणं कोणालाच जमत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी कृषी दैनंदिनी काढतं. शेतकऱ्यांकडे ती असतेही, मात्र पुष्कळदा पुढच्या पानांवरची पिकांची माहिती वाचण्यापुरतीच. मागची कोरी पानंच खरं तर जास्त मोलाची आहेत.

हे शेतीपुरतं नाही. नोकरी सोडणं, घर बांधायला काढणं, मुलीचं स्थळ नाकारणं, असा कोणताही मोठा निर्णय ज्या दिवशी होतो त्या दिवशी तीन ओळी लिहाव्यात: काय ठरलं, का ठरलं आणि कशाची भीती वाटते. शेवटची ओळ बहुतेक लोक गाळतात, आणि नंतर वाचताना तीच सगळ्यात उपयोगी पडते.

रोज म्हणजे किती रोज?

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं, पण त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी छोटी गोष्ट करायला सांगितली. कोणी जेवणाबरोबर फळ खायचं, कोणी पाणी प्यायचं, कोणी धावायचं. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते पाहिलं, तर मधला आकडा ६६ निघाला. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून दहाव्या दिवशी खंड पडला तर अकराव्या दिवशी अकराव्याच दिवसाची नोंद करायची. मागचं भरून काढायचं नाही. रोजकीर्दीत मागची तारीख घालून नोंद करणं गैर समजतात. इथेही तोच नियम बरा. महिना गेला असेल तर ‘महिनाभर लिहिलं नाही, लग्नघर होतं’ एवढीच ओळ लिहून पुढे जायचं.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली आहे. शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला शिकत होते, आणि पुढे १९३० मध्ये त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. त्यांची रोजनिशीही आयुष्यभराची सलग नाही, तुकड्यातुकड्यांची आहे. तरीही ती वाचली जाते.

वेळ ठरवण्यापेक्षा जागा ठरवणं सोपं पडतं. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला वही बांधून टाकायची. रात्रीची भांडी झाली की, मोबाइल चार्जिंगला लावला की, देवापुढे दिवा लावला की. वही त्याच जागी आणि पेन वहीतच. दिनदर्शिकेवरच्या नोंदी टिकतात, त्याचं अर्धं श्रेय त्या भिंतीला आणि दोरीने बांधलेल्या पेनाला जातं. कपाटातल्या सुंदर वहीपेक्षा ओट्याशेजारची शाळेची दोनशे पानी वही जास्त चालते.

मोबाइलवर लिहिलं तरी हरकत नाही. बोलून मराठीत टाइप करण्याची सोय आता बहुतेक फोनमध्ये आहे. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी तारीख सांगून मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड केलं तरी ती नोंदच झाली. अडचण एवढीच की फोन उघडला की आधी दुसरं काहीतरी दिसतं.

खतावणी: जी बहुतेक लोक करतच नाहीत

रोजकीर्द हा हिशेबाचा अर्धा भाग. व्यापारी नंतर खतावणी करतो. म्हणजे तारखेवार विखुरलेल्या नोंदी उचलून ज्याच्या-त्याच्या खात्यावर लिहितो. या गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे, हमालीवर किती गेलं, हे खतावणीतच दिसतं. नुसती रोजकीर्द कितीही चोख असली तरी धंदा कुठे चालला आहे ते सांगत नाही.

वर्षानुवर्षं डायरी लिहिणारेसुद्धा मागची पानं क्वचितच उघडतात. महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, अर्धा तास पुरतो. मागच्या तीस नोंदी वाचायच्या आणि वहीच्या शेवटच्या पानांवर चार-पाच खाती पाडायची. झोप, पैसा, भांडणं, पाऊस, आईची तब्येत, ज्याच्या आयुष्यात जे असेल ते. प्रत्येक खात्यावर फक्त तारखा आणि दोन-तीन शब्द.

यातून दिसतं ते बरेचदा साधं असतं, पण आधी दिसलेलं नसतं. शेतीपंपाची वीज काही दिवस रात्रीची असते. पाणी द्यायला रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या वहीत डोकेदुखी, चिडचिड आणि बायकोशी झालेला वाद नेमका त्याच दिवसांवर येतो. रोज वेगळी वाटणारी पाच भांडणं खतावणीत एकच निघतात. एखाद्या गृहिणीला दिसतं की ‘पैसे पुरत नाहीत’ ही ओळ दर महिन्याच्या अठरा-वीस तारखेलाच आहे. मग ते रडगाणं राहत नाही, सोडवायचा हिशेब होतो.

वाचताना मागचं लिहिणं पोरकट वाटतं आणि पान फाडावंसं वाटतं. ते फाडायचं नाही. हिशेबात चूक सापडली तर जुनी नोंद खोडत नाहीत, आजच्या तारखेला चूक दुरुस्तीची नवी नोंद करतात. ‘तेव्हा त्याच्याबद्दल असं लिहिलं होतं, आता तसं वाटत नाही’ ही ओळ जुन्या पानाइतकीच खरी असते.

मन जड असेल तेव्हा

आतापर्यंतचं सगळं रोजच्या नोंदीबद्दल झालं. दुःख, धक्का किंवा अपमान लिहून काढणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला दोन-तीन ओळींचा नियम लागू होत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वेदनादायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. काहींना साध्यासुध्या विषयांवर लिहायचं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पहिल्याच दिवशी हलकं वाटेल या आशेने लिहायला बसणारा माणूस घाबरून वही मिटतो.

पुढे यावर शेकडो अभ्यास झाले. २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा फायदा आहे पण सरासरीने लहान आहे, असं निघालं. चमत्काराची भाषा करणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. मूळ प्रयोगात लिहिणं चार दिवसांचं होतं, हेही विसरलं जातं. तीच जखम रोज नव्याने, त्याच शब्दांत, महिनोन्‌महिने लिहीत राहिलं तर तो नुसता उगाळा होतो. खतावणी करताना एकच मजकूर वीस वेळा दिसला, तर वहीचं काम तिथे संपलं आणि कोणाशी तरी बोलायची वेळ आली असं समजावं.

आणि वहीत ‘जगणं नको झालंय’ या अर्थाचं काही उतरू लागलं, तर ते पान वहीत ठेवायचं नाही. ते जवळच्या माणसाला दाखवायचं, डॉक्टरांना सांगायचं. सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मराठवाड्याने दुष्काळाच्या वर्षांत जे पाहिलं आहे, त्यानंतर हे सांगायला संकोच नको.

कोणी वाचलं तर?

डायरीविषयी लिहिणारे बहुतेक लोक स्वतःची खोली आणि कुलूपबंद खण गृहीत धरतात. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे परिस्थिती वेगळी असते. सुनेची वही सासू उघडते, मुलीची वही भाऊ उघडतो आणि ‘आमच्याबद्दल काय लिहिलंस’ यावरून घर पेटतं. रमाबाई रानडे लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळलं, हे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे. बाईने काही लिहीत बसणं आजही सगळ्या घरांत चालतं असं नाही.

अशा घरात काही गोष्टी उपयोगी पडतात. माणसांची नावं न लिहिता स्वतःला कळेल अशी खूण वापरायची. वही स्वयंपाकाच्या पाककृतींची किंवा भिशीच्या हिशेबाची असू द्यायची आणि मागच्या बाजूने लिहायचं. फार जहाल असेल ते सुट्या कागदावर लिहून चुलीत घालायचं. जड मनाच्या लिखाणाचा फायदा लिहिण्यात आहे, कागद जपण्यात नाही. घरात मारहाण होत असेल, तर मात्र तारीखवार नोंद पुढे पुरावा म्हणून लागू शकते; ती घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवणं शहाणपणाचं.

आणि दुसऱ्या बाजूने: घरात कोणाची वही दिसली तर ती उघडायची नाही. मुलं डायरी लिहायचं सोडतात, ते पुष्कळदा आळसामुळे नाही तर कोणीतरी वाचल्यामुळे.

भरलेल्या वह्यांचं काय करायचं

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबचा. हे गाव आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. रोज काहीतरी लिहीत जावं, असं सांगणारी एक ओळ त्यांच्या नावावर सगळ्या शाळांच्या भिंतींवर दिसते. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास कमी लोकांना आठवतो. तो लेखनक्रियेवर आहे आणि अगदी व्यवहारी आहे. अक्षर मोकळं हवं, ओळी सरळ हव्यात, पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी मजकूर वाचेल. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते स्वतःलाच वाचता येत नाही. पुढे शाई, लेखण्या आणि कागदांबरोबर ग्रंथ जपायला मेणकापडं, पेट्या आणि कुलपंसुद्धा सांगितली आहेत.

त्यातलं जवळजवळ सगळं आजही लागू आहे. जेल पेनची शाई पाणी लागलं की पसरते; साधा बॉलपेन बरा. वह्या जमिनीवर किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर वाळवी लागते, म्हणून त्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. प्रत्येक वहीच्या पाठीवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावं. आपल्यामागे कोणी वाचू नये असं वाटत असेल, तर तेही पहिल्याच पानावर लिहून ठेवावं आणि घरातल्या एका माणसाला सांगावं. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नवी वही घालतात. घरच्या वहीलाही एक जानेवारीपेक्षा पाडवा बरा, कारण तेव्हा खरिपाचं बरंचसं काम हातावेगळं झालेलं असतं आणि मागच्या पावसाळ्याची खतावणी करायला थोडी सवड मिळते.